मोटारसायकल एंजिन, जुने : सुटे करणे व भागांची ओळख

जुन्या मोटारसायकल एंजिनाचे घटक भाग ठराविक क्रमाने अलग करणे आणि प्रत्येक भाग कोणता, कोणत्या काळातील घडणीचा, मूळचा की मागाहून बदललेला व पुन्हा वापरण्याजोगा आहे की नाही हे ठरविणे, या दोन क्रिया मिळून हे काम होते. चालू उत्पादनातील एंजिनाच्या बाबतीत निर्मात्याची भागसूची व नवे सुटे भाग हाताशी असल्याने ओळखीचा प्रश्न सहसा अवघड नसतो. उत्पादन थांबलेल्या एंजिनाची गोष्ट निराळी आहे. अशा एंजिनात पन्नास-साठ वर्षांत अनेक हातांनी बदल केलेले असतात, सूचीतील चित्र व प्रत्यक्ष भाग यांचा मेळ बसेलच असे नसते आणि हरवलेला वा मोडलेला भाग पुन्हा मिळण्याची शाश्वती नसते. शिवाय एखाद्या भागाविषयीची बरीचशी माहिती त्या भागावर नसून त्याच्या जागेत, शेजारच्या भागाशी असलेल्या त्याच्या संबंधात व झिजेच्या दिशेत असते. भाग निघून मेजावर आला की ही माहिती पुसली जाते. त्यामुळे ओळख पटविण्याचे काम सुटे केल्यानंतर सुरू होत नाही. ते भाग जागेवर असतानाच बहुतांशी उरकावे लागते.

या नोंदीत रॉयल एनफील्ड बुलेट या मोटारसायकलीच्या ३५० वर्गातील, ओतीव लोखंडी सिलिंडराच्या एंजिनाचे उदाहरण मुख्यतः घेतले आहे. हे एंजिन भारतात विपुल आढळते, त्याची घडण साधी आहे आणि ते दीर्घकाळ तयार होत राहिल्याने भागांच्या ओळखीतील बहुतेक सर्व अडचणी त्यात एकत्र सापडतात. अंतर्ज्वलन एंजिनाच्या कार्याची सामान्य तत्त्वे येथे दिलेली नाहीत [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

बुलेट हे नाव इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीने १९३२ मध्ये प्रथम वापरले. मागील चाकाला झुलत्या चिमट्याचा आधार असलेले ३५० वर्गातील युद्धोत्तर प्रतिमान १९४९ मध्ये विक्रीस आले. भारतीय सैन्याच्या मागणीमुळे ते भारतात आले आणि १९५५ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन होऊन प्रथम आयात भागांची जुळणी व पुढे भागांचे संपूर्ण उत्पादन तेथे होऊ लागले. इंग्लंडमधील या घडणीचे उत्पादन १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत थांबले, रेडिचचा कारखानाही १९६७ मध्ये बंद झाला. भारतात मात्र तेच एंजिन किरकोळ फेरफारांसह २०१० च्या सुमारापर्यंत तयार होत होते. त्यानंतर एंजिन व दंतचक्रपेटी एकाच ओतीव भागात असलेल्या नव्या एंजिनाने त्याची जागा घेतली. साठ वर्षांच्या या अवधीत विद्युत् सामग्री, कार्ब्युरेटर, आटे व मिश्रधातू बदलत गेले, पण बाह्य आकार जवळजवळ तोच राहिला. म्हणून बाहेरून सारखी दिसणारी दोन एंजिने आतून सारखी असतीलच असे नाही.

घडण : हे एका उभ्या सिलिंडराचे, चार धावांचे व हवेने थंड होणारे एंजिन आहे. सिलिंडराचा आतील व्यास ७० मिमी. व दट्ट्याची धाव ९० मिमी. असल्याने धारकता ३४६ घ. सेंमी. भरते. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, तर त्याचे डोके (कारागिरांच्या भाषेत हेड) ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे असते. झडपा डोक्यात असून तळाशी असलेले दोन कॅम उभ्या ढकलदांड्यांमार्फत व रॉकरांमार्फत त्या उघडतात. भुजादंडाची पेटी उभ्या प्रतलात दोन अर्ध्यांत विभागलेली असते. वंगण तेलासाठी वेगळी टाकी नसते. पेटीतच प्रचक्रांच्या मागील बाजूस ओतलेल्या कप्प्यात दोन लिटरांहून थोडे अधिक तेल मावते. चार गतींची दंतचक्रपेटी स्वतंत्र असून ती पेटीच्या पाठीला बोल्टांनी जोडलेली असते. एंजिनाचा संथ व ठळक ठोका सर्वपरिचित आहे. मराठीत मोटारसायकलीस रूढ झालेले फटफटी हे नाव अशाच एक-सिलिंडरी एंजिनांच्या आवाजावरून आलेले आहे. धाव व्यासापेक्षा लांब व प्रचक्रे जड असल्याने हा ठोका संथ राहतो. याच कारणाने आतील झीज उशिरा जाणवते, आणि एंजिन उघडले जाते तेव्हा ती बहुधा बरीच पुढे गेलेली असते.

उघडण्यापूर्वी : एंजिन सांगाड्यातून काढण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. तेल गरम असतानाच काढून ते उथळ पांढऱ्या भांड्यात निथळू द्यावे. तळाशी बसणारा गाळ हा पहिला पुरावा असतो. चुंबकाला चिकटणारे काळपट कण दंतचक्रे, कॅम किंवा रुळांचे धारवे यांतून आलेले असतात. पिवळसर चूर्ण काशाच्या बुशांचे, तर चुंबकाला न चिकटणारे मऊ व राखाडी पापुद्रे श्वेत धातूचे किंवा ॲल्युमिनियमाचे असतात. या एंजिनाच्या मूळ घडणीत संयोगदांड्याच्या मोठ्या टोकात आतून व बाहेरून श्वेत धातूचा थर दिलेले तरते पोलादी बुश असते. त्यामुळे राखाडी पापुद्रे भरपूर आढळल्यास भुजादंड बाहेर काढावाच लागणार, हे एकही बोल्ट न सोडता कळते. ही तपासणी न करता तेल थेट गटारात ओतून टाकण्याची प्रथा सर्वत्र दिसते. तिच्यापायी निदानाचे सर्वांत स्वस्त साधन वाया जाते.

बाहेरील मळ रॉकेल व ताठ केसांच्या ब्रशाने साफ करावा, परंतु तेल जेथून पाझरत होते त्या जागा आधी टिपून ठेवाव्यात. दोन अर्ध्यांच्या सांध्यावर छिन्नीचे वा पेचकसाचे व्रण दिसले, तर पेटी पूर्वी उघडली गेली आहे व तीही घाईने, असे समजावे.

आटे व पान्हे : जुने ब्रिटिश बनावटीचे एंजिन बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण झीज नसून चुकीचा पान्हा हे आहे. या एंजिनात निदान तीन पद्धतींचे आटे आढळू शकतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत व तिच्यावर आधारलेल्या ब्रिटिश बारीक पद्धतीत आट्याच्या बाजूंमधील कोन ५५° असतो. सायकल-आट्यांच्या पद्धतीत तो ६०° असून बहुतेक मापांना दर इंचास २६ आटे असतात. मेट्रिक पद्धतीतही कोन ६०° च असतो. घोटाळा होतो तो शेवटच्या दोहोंत. ५/१६ इंची सायकल-आट्याच्या बोल्टाचा व्यास ७·९४ मिमी. व आट्यांतील अंतर ०·९७७ मिमी. असते, १ मिमी. अंतराच्या ८ मिमी. मेट्रिक बोल्टात हीच मापे ८ व १ मिमी. असतात. एकाचा नट दुसऱ्यावर काही फेरे सहज चढतो, मग जड होतो आणि जोर केल्यास ॲल्युमिनियमातील आटे उपटून काढतो. यासाठी आटे मोजण्याची दातेरी पट्टी वापरणे हाच खात्रीचा उपाय आहे. नट हाताने शेवटपर्यंत फिरत नसेल तर तो त्या बोल्टाचा नाही, असे धरून चालावे.

पान्ह्यांच्या बाबतीत व्हिटवर्थ पद्धतीचा आकडा नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर दर्शवीत नाही. तो बोल्टाच्या दांड्याचा व्यास दर्शवितो. १/४ व्हिटवर्थ असे लिहिलेल्या पान्ह्याचे तोंड ०·५२५ इंच, म्हणजे सु. १३·३ मिमी. असते. तेथे १३ मिमी. चा पान्हा बसत नाही आणि १४ मिमी. चा बसतो पण सैल राहून कडा गोल करतो. ज्या एंजिनावरील नटांच्या कडा सर्रास गोल झालेल्या आहेत, त्याच्या आतल्या कामाबद्दलही शंका घ्यावी.

प्रत्येक जोडाचे नटबोल्ट वेगळ्या डबीत, शक्य तर पुठ्ठ्यावर त्या कव्हराची आकृती काढून तिच्यातील योग्य भोकात खोचून ठेवावेत. एकाच कव्हराच्या स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. आखूड भोकात लांब स्क्रू पिळल्यास तो तळाला टेकून ओतीव भाग फुटतो. सर्व नटबोल्ट एका पत्र्याच्या डब्यात टाकून ते रॉकेलने भरण्याची मेस्त्री लोकांची पद्धत स्वच्छतेच्या दृष्टीने निर्दोष असली, तरी ओळखीच्या दृष्टीने घातकच आहे.

डोके व सिलिंडर : ठिणगी प्लग, कार्ब्युरेटर व निकासनळी काढल्यावर रॉकरांची झाकणे उघडतात. डोक्यात दोन मुख्य झडपांखेरीज तारेने उघडणारी एक लहान दाबमोचक झडप असते. नवशिक्या कारागिराला ती दुसऱ्या ठिणगी प्लगाची जागा वाटण्याचा संभव असतो. दोन्ही ढकलदांडे दिसायला सारखे असले तरी त्यांची लांबी एक नसते. म्हणून काढता काढताच त्यांना ‘आत’ व ‘निकास’ अशा चिठ्ठ्या बांधाव्यात आणि वरचे टोकही खुणावे, कारण टोकाची वाटी ज्या रॉकराशी घासून जुळलेली असते त्याच्याशीच ती पुन्हा नीट बसते. या एंजिनात थंड स्थितीत ढकलदांड्याला उभी मोकळीक ठेवत नाहीत. तो बोटांनी जेमतेम फिरेल इतकाच सैल ठेवतात. सुटे करण्यापूर्वी तो घट्ट आढळल्यास झडप पूर्ण मिटत नव्हती आणि तिची बैठक जळाली असण्याचा संभव आहे.

अंतर्गमी झडपेचे तबक निकास झडपेपेक्षा मोठे असते. दोन्ही काढून ठेवल्यावर शंका आलीच, तर चुंबक उपयोगी पडतो : निकास झडपेसाठी उच्च तापमानाला टिकणारे ऑस्टेनाइटी पोलाद वापरलेले असल्यास तिचे तबक चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. तथापि बाजारातील सर्वच निकास झडपा अशा पोलादाच्या नसतात, त्यामुळे चिकटणारी झडप अंतर्गमीच, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

सिलिंडर उचलताना पेटीचे तोंड स्वच्छ फडक्याने बंद करावे. खिळीचा तुटका अडकण आत पडला तर शोधण्यासाठी संपूर्ण पेटी उघडावी लागते. दट्ट्या काढण्यापूर्वी त्याची पुढची बाजू आतून खुणावी. माथ्यावरील काजळी हळूच खरवडल्यास ०२० किंवा ०४० असे आकडे दिसू शकतात. ते इंचाच्या सहस्रांशांत असून सिलिंडर पूर्वी किती वाढवून घेतला आहे हे सांगतात. ०४० या आकड्याचा अर्थ व्यास मूळ ७० मिमी. ऐवजी सु. ७१ मिमी. झाला आहे, असा होतो. आकडा नसेल तर दट्ट्या मूळ मापाचा असेल किंवा अन्य निर्मात्याचा असेल; मोजल्याशिवाय ठरवू नये. दट्ट्याचा घेर जाणूनबुजून किंचित लंबवर्तुळाकार व माथ्याकडे निमुळता घडविलेला असतो. म्हणून तो खिळीला काटकोनात व घेराच्या खालच्या कडेजवळ मोजतात. वाटेल तेथे मापून तो झिजला आहे असे सांगणे ही नेहमीची चूक आहे. सिलिंडर मात्र वर, मध्ये व खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजावा. सर्वांत जास्त झीज वरच्या कड्याच्या वळणापाशी, दट्ट्याचा रेटा येणाऱ्या बाजूला होते आणि अगदी वरच्या कडेला, जेथे कडे पोहोचतच नाही तेथे, मूळ व्यास शिल्लक असतो. या दोहोंतील फरक ०·२ मिमी. पर्यंत गेल्यास सिलिंडर पुढच्या मापाला वाढवून घेणे सामान्यतः आवश्यक ठरते.

उजवी बाजू : या बाजूच्या कव्हराखाली दंतचक्रांची मालिका, तेलपंप व गाळणी असतात. पंप दोन असून ते मागे-पुढे हलणाऱ्या दट्ट्याच्या पद्धतीचे आहेत. एक तेल पुरवितो, दुसरा तळाशी जमलेले तेल परत कप्प्यात नेतो. परत नेणाऱ्या पंपाची क्षमता अधिक ठेवलेली असते, अन्यथा पेटी तेलाने भरून जाईल. पंपांच्या चकत्या आपापल्या बैठकींशी घासून तेलबंद केलेल्या असतात. त्यांची अदलाबदल झाल्यास कोणताही भाग न मोडता पंप निकामी होतो आणि त्याचा परिणाम काही किलोमीटर धावल्यावर, मोठ्या टोकाचा बुश जळून, प्रकट होतो. हा सारा भाग पाहण्यास क्षुल्लक आहे. परंतु या एंजिनात इतके महाग पडणारे दुसरे स्थान नाही.

पंप चालविणारा मळसूत्री नट भुजादंडाच्या टोकावर असून त्याचे आटे डावे असतात. ही गोष्ट ठाऊक नसल्याने तो सोडविण्याऐवजी अधिकाधिक आवळला जातो आणि शेवटी दंडाचे टोक तुटते. दंतचक्रांवर ठिपके व रेघा यांच्या स्वरूपात जुळणीच्या खुणा असतात. दट्ट्या सर्वोच्च बिंदूला आणून त्या एकमेकींसमोर येतात का, हे चक्रे जागेवर असतानाच पाहावे. त्या येत नसल्यास एखादे चक्र दुसऱ्या घडणीचे आहे किंवा मागील जुळणी चुकलेली आहे. यांपैकी काय, ते दात मोजून व कॅमांच्या उंचवट्यांची स्थिती पाहून ठरवितात. कॅमचक्राचे दात भुजादंडावरील चक्राच्या दुप्पट असतात. मालिकेच्या अखेरीस जुन्या इंग्लिश एंजिनांत मॅग्नेटो, तर नंतरच्या भारतीय एंजिनांत पेटन-वितरक असतो. या एका भागावरून एंजिनाच्या काळाचा स्थूल अंदाज करता येतो. मात्र मॅग्नेटो काढून वितरक बसविलेली एंजिनेही आढळत असल्याने तो एकमेव पुरावा मानू नये.

डावी बाजू : येथील साखळीपेटीचे बाहेरील कव्हर मध्यभागी एकाच मोठ्या नटाने धरलेले असते. त्याखाली दुहेरी प्राथमिक साखळी, तेलात बुडालेला क्लच व, बॅटरीवर पेटन होणाऱ्या एंजिनांत, प्रत्यावर्ती विद्युत् जनित्र असते. साखळी व तिची दोन्ही दंतचक्रे एकत्र काढतात. झिजलेल्या चक्राचे दात एका अंगाला आकड्यासारखे वाकलेले दिसतात. ओळखीच्या दृष्टीने या बाजूत फारशी गुंतागुंत नाही.

भुजादंडाची पेटी : दोन अर्धे अलग करताना सांध्यात पोलादी पट्टी खुपसणे कटाक्षाने टाळावे. सांधा तेलबंद राहतो तो दोन्ही पृष्ठे सपाट असल्यामुळे. खरवडलेल्या पृष्ठाला लेपाने फार काळ तारता येत नाही. सर्व बोल्ट निघाल्याची खात्री करून लाकडी किंवा कातडी हातोड्याने हलके ठोके द्यावेत. अर्धे हलत नसतील तर एखादा बोल्ट राहिलेला असतो. असे दहांपैकी नऊ वेळा घडते.

मुख्य धारवे ॲल्युमिनियमाच्या बैठकींत घट्ट बसविलेले असतात. ते ठोकून न काढता पेटी तापवून काढतात. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, या गुणधर्माचा हा उपयोग आहे. बैठकीचा व्यास ६२ मिमी. धरला व तापमान ८०° से. ने वाढविले, तर बैठक सु. ०·११ मिमी. आणि धारवा सु. ०·०६ मिमी. वाढतो, उरलेली ०·०५ मिमी. ची मोकळीक धारवा जवळजवळ आपल्या वजनाने खाली पडण्यास पुरेशी असते. धारव्याच्या कड्यावर कोरलेला क्रमांक आंतरराष्ट्रीय पद्धतीचा असतो व त्यावरून त्याच मापाचा नवा धारवा कोणत्याही चांगल्या दुकानात मिळतो. एंजिनातील कदाचित हाच एक भाग असा आहे की, ज्याची ओळख केवळ क्रमांकावरून निःशंकपणे पटते. धारव्यालगतच्या पातळ चकत्या कोणत्या बाजूच्या व किती जाडीच्या होत्या हे सूक्ष्ममापकाने मोजून लिहावे. भुजादंडाची आडवी मोकळीक त्यांच्यावर अवलंबून असते.

भुजादंड हा अखंड नसून दोन प्रचक्रे व त्यांना जोडणारी खीळ यांचा जोड असतो. मोठ्या टोकाची मोकळीक तपासण्यासाठी संयोगदांडा उभा धरून वर-खाली हलवितात. उभ्या दिशेत हाताला खेळ जाणवला तर बुश संपला आहे. आडवा डोल मात्र काही प्रमाणात हवाच असतो. अनेक एंजिनांत तरत्या बुशाऐवजी मागाहून रुळांचा धारवा बसविलेला असतो. हा बदल गैर नव्हे. पण जुना बुश मागवून तो अशा खिळीवर बसविण्याचा प्रयत्न होऊ नये म्हणून भाग विकत घेण्यापूर्वी कोणता प्रकार आहे ते पाहणे अवश्य आहे. प्रचक्रे दाबयंत्राविना उघडू नयेत, कारण पुन्हा जोडल्यावर दोन्ही दंड एका रेषेत काही शतांश मिमी. पर्यंत आणावे लागतात आणि ते काम त्यातील तज्ज्ञाचेच आहे.

मूळ, समकालीन व पर्यायी भाग : सुटे केलेल्या भागांची वर्गवारी करताना तीन गट पाडणे सोयीचे असते. एंजिनाबरोबर कारखान्यातून आलेले ते मूळ. त्याच घडणीच्या दुसऱ्या एंजिनातून आलेले ते समकालीन. व इतर निर्मात्यांनी बनविलेले ते पर्यायी. ओतीव भागांवरील उठावाचे क्रमांक नमुन्याचे असतात, भागाचे नसतात. एकाच नमुन्यातून ओतलेले भाग पुढे निरनिराळ्या प्रकारे कातले जातात, म्हणून या क्रमांकावरून भाग मागविणे फसवे ठरते. याउलट झीज क्वचितच फसविते. रॉकराच्या टोकावरील घासल्याचा पट्टा झडपेच्या दांड्यावरील चमकदार ठिपक्याशी जुळत नसेल, तर त्यांपैकी एक भाग दुसरीकडून आलेला आहे. पेटीचे दोन अर्धे कारखान्यात एकत्र धरूनच धारव्यांच्या बैठकी कातत असल्याने ते जोडीनेच वापरावयाचे असतात. त्यांच्या सांध्यालगतच्या बाह्य कडा हाताला लागतील इतक्या खालीवर असल्यास ते दोन वेगळ्या एंजिनांचे असल्याचा दाट संशय घ्यावा. असे एंजिन सुरू होते, चालतेही. पण मुख्य धारवे वारंवार जातात आणि दोष धारव्यांना दिला जातो.

एंजिनाचा क्रमांक पेटीवर ठोकलेला असतो व तो वाहनाच्या नोंदणी-पुस्तकातील क्रमांकाशी जुळणे कायद्याने आवश्यक आहे. पेटी किंवा तिचा क्रमांक असलेला अर्धा बदलल्यास परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते. क्रमांकाच्या जागेवरील पृष्ठ शेजारच्या ओतीव पृष्ठापेक्षा खोल किंवा अधिक गुळगुळीत दिसले, आकडे एका रेषेत नसले किंवा त्यांच्या ठशांची जात वेगळी वाटली, तर घासून पुन्हा क्रमांक ठोकल्याची शक्यता असते. अशा वेळी पुढील खर्च करण्यापूर्वी कागदपत्रांची शहानिशा करून घेतात. क्रमांकाची जागा स्वच्छ करताना वाळूचा मारा किंवा तारेचा ब्रश वापरू नये. रॉकेल व कापड एवढे पुरते.